आत्या गप्प होती तेव्हा

उलवे,
ता. १६ जानेवारी १९५९

भागीबाय,

तुला पाकिटातून तीळगूळ पाठवनार होते. पन पाकीट चिकट झालं, म्हनून तीळगूळ मीच खाल्ला. आता गोड बोलायचं ते कागदावरच बोलते.

पयली खबर तुज्या आईची, माज्या आत्याची. घाबरू नको. जीव बरा हाय, जेवते, कोंबड्यांच्या मागं धावते. फक्त बोलत नाय. मार्गशीर्षात आत्यानं लागोपाठ पाच लग्नांत धवल्याची गानी म्हटली. पाचव्या लग्नात हळदीच्या टायमाला तिचा आवाज जो बसला तो उठलाच नाय. पनवेलच्या डॉक्टरानं घशात बॅटरी मारून बघितलं आन् सांगितलं, दोन महिने तोंडातून शब्द काढायचा नाय. कुजबूज पन नाय. नायतर आवाज कायमचा जाईल.

तुज्या आईला दोन महिने गप्प! सगळा गाव बघायला येतो. आत्यानं गळ्याभोवती लाल फडकं गुंडाळलंय. राग आला की पायलीवर पळी आपटते. एकदा आपटली तर ‘इकडं ये’, दोनदा आपटली तर ‘तुला अक्कल नाय’. दोनदावालीच जास्त ऐकू येते.

आता माजी गोष्ट. माघात आपल्या गावात दोन लग्नं हायत. एक गोटीरामच्या पोराचं, दुसरं हिरामणच्या सखूचं. धवलारीन नाय तर आपल्यात लग्न कसं लागायचं? हळदीपासून वरातीपर्यंत धवले तिनंच म्हनायचे. पंचांनी ठरवलं, गोजरा सात वर्सं पुतळाआत्याच्या मागं उभी ऱ्हाऊन म्हनतेय, तीच पुढं उभी ऱ्हाईल.

भागी, मागं उभं ऱ्हानं येगळं. मागं आवाजात आवाज मिसळतो. मी वाशीहून लग्न होऊन इथं आले, आत्याच्या शेजारच्या घरात पडले, म्हनून तिच्या मागं उभी ऱ्हायले, एवढंच. डोक्यात माज्या भुसा हाय. तोंड उघडायच्या आदीच आतून कोनीतरी बोलतं, ‘इसरशील. हसं करून घेशील. आत्याचं नाव बुडवशील.’ तू आईला पत्र लिही आन् दुसरी कोनी बघायला सांग. तुजं ती ऐकते. तू आपल्या घरातली हुशार. पुन्याला शिकायला गेलेली पयली पोर तूच.

तुजी
गोजरा


पुणे,
ता. २५ जानेवारी १९५९

सौ. गोजरा हीस,
भागीरथीचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र पावले. आईच्या प्रकृतीविषयी वाचून काळजी वाटली. डॉक्टरांच्या सूचनेचे तंतोतंत पालन करावे, असे तिला सांग.

माझे येथील अध्यापनाचे शिक्षण उत्तम रीतीने चालले आहे. वसतिगृहाची व्यवस्था चांगली आहे. बरोबरच्या मुली सुसंस्कृत घरांतील आहेत. मार्चमध्ये आमचे सराव-पाठ होतील, म्हणजे खऱ्या वर्गावर शिकवावे लागेल.

तू नाहक घाबरतेस. आत्मविश्वास बाळगावा. मनात नकारात्मक विचार आणू नयेत. सरावाने सर्व काही साध्य होते. दुसरी कोणी बघण्याबद्दल मी आईस लिहिणार नाही. तूच म्हणावेस.

आई बोलत नाही म्हणजे घर किती शांत असेल. (येथील ओळ खोडली आहे. ती वाचू नये.)

नामदेवदाजींना नमस्कार.

तुझी,
भागीरथी


उलवे,
ता. १३ फेब्रुवारी १९५९

भागीबाय,

तुजं पत्र आलं. ‘वि. वि.’ म्हंजे काय ते आमच्या यांना, तुज्या नामदेवदाजींना इचारलं, तर हे म्हनाले, कोर्टाचा कागद असेल. मी आत्याला वाचून दाखवलं. ‘आत्मविश्वास बाळगावा’ ऐकून आत्यानं पळी तीनदा आपटली. तीनदाचा अर्थ अजून मला लागला नाय.

मंगळवारी गोटीरामच्या घरी हळद होती. तू म्हनालीस, म्हनून मी गेले. पाटावर नवरा बसलेला, चारी बाजूंनी बाया, समोर आत्या, गळ्याला लाल फडकं. पयला धवला म्हटला. दुसरा म्हटला. तिसऱ्याला तेलाची वाटी हातात घेतली आन् डोकं साफ पुसलं गेलं. पाटी धुतल्यासारखं. मी उभीच. वाटीतलं तेल हलतंय एवढंच दिसतंय. मागून एक पोर हसली, मग दुसरी हसली. शेवटी धोंडूबाईनं भलताच धवला सुरू केला आन् येळ मारून नेली.

मी घरामागं पेंढ्याच्या उडव्याआड जाऊन बसले. हे शोधत आले. “चल घरात,” म्हनाले. मी म्हटलं, “मला तोंड दाखवायला जागा नाय.” हे म्हनाले, “उडव्याला दाखवतेस ते मला दाखव.” त्याच्यावर मी हसले पन आन् रडले पन.

भागी, तेव्हापासून आत बोलनं थांबत नाय. चूल पेटवताना, मिठागरावर मीठ ओढताना, सारखं. ‘सांगितलं होतं ना? तू मागंच उभी ऱ्हायची लायकीची. बुडवलंस.’ आन् आवाज कोनाचा म्हनशील? तुज्या आईचा. हुबेहूब. तीच खरखर, तेच ‘गं बाय’ लांबवनं.

आज दुपारी मी आत्याजवळ तांदूळ निवडायला बसले होते. आत आवाज चालूच, ‘बुडवलंस गं बाय.’ मी वर बघितलं. आत्या समोर बसलेली, तोंड बंद, एक खडा चिमटीत धरून त्याच्याकडं बघतेय. महिना झाला, तिनं शब्द काढलेला नाय! मंगळवारी पन तिनं पळी आपटली नाय. मंग दिवसभर माज्याशी बोलतं कोन? आत्या गप्प हाय आन् आत्याचा आवाज चालू हाय. मला हसूच आलं. मीच आत्याचा आवाज काडून मला शिव्या देते!

आता तुला रागवायचं तर रागव. तुजी खोडलेली ओळ मी उन्हात धरून वाचली. ‘मला मात्र इथे दिवसभर तिचाच आवाज ऐकू येतो,’ असं लिहिलंय तिथं.

तुला काय झालंय? कोर्टाच्या भाषेत सांगू नको.

गोजरा


पुणे,
ता. २० फेब्रुवारी १९५९

गोजरा,

तुझं पत्र वाचलं आणि वसतिगृहाच्या माडीवर वाळत घातलेल्या लुगड्यांच्या आड जाऊन बसले. तुझा पेंढा, माझी लुगडी.

सगळं खोटं लिहिलं होतं. काहीही उत्तम चाललेलं नाही.

डिसेंबरात माझा पहिला सराव-पाठ झाला. चौथीचा वर्ग. समोर चाळीस मुलं, मागच्या बाकांवर आमच्या बाई आणि बरोबरच्या बारा मुली. विषय होता पाण्याची वाफ. मी पहिलंच वाक्य म्हटलं, “पानी तापलं की काय होतं?” मागून खुसखुस झाली. बाई म्हणाल्या, “पाणी.” मी म्हटलं, “पानी.” बाई म्हणाल्या, “ण. जीभ मागे घ्या. पाणी.” तिसऱ्यांदाही माझ्या तोंडून पानीच निघालं, आणि मग मुलंही हसली. त्या दिवसापासून इथं माझं नाव ‘पानीबाई’ आहे. त्या मुली दुष्ट नाहीत. सहज म्हणतात. पण मी वर्गात बोलणंच सोडलं. जानेवारीतला पाठ मी ताप आल्याचं सांगून चुकवला. तुला पत्र लिहितानाही प्रत्येक ण तपासून बघत होते, म्हणून ते कोर्टाच्या कागदासारखं झालं.

तू जे ऐकतेस तेच मीही ऐकते. ‘मोठी निघाली बाई व्हायला. मिठागरावरची पोर ती, टोपलीच उचलायची. तुज्याच्यानं नाय होनार. लोक हसतात ते बरोबर हाय. परत ये, गपचूप चुलीशी बस.’ हे मी पहिल्यांदाच कागदावर उतरवते आहे. लिहून झाल्यावर फार लहान दिसतं. अडीच ओळी. मला वाटलं होतं, वही भरेल.

तू तिच्याजवळ असतेस. सांग, हे आई कधी म्हणाली होती का? मला आता आठवतच नाही.

मी ट्रंक भरून ठेवली आहे. शिमग्याला येईन ती परत जाणार नाही. हे अजून कोणाला सांगू नकोस.

भागी


उलवे,
ता. २६ फेब्रुवारी १९५९

माजी भागीबाय,

मी कोनाला सांगितलं नाय. पन मला ओठ हलवल्याबिगर वाचता येत नाय, हे तुला ठाऊक हाय. मी ओटीवर बसून वाचत होते आन् आत्या दाराआड उभी होती. सगळं ऐकलं तिनं.

बाहेर आली ती थेट माज्यासमोर बसली. पळी नाय, काय नाय. मला पयल्यांदा तिची भीती नाय वाटली. मी इचारलं, “आत्या, ‘टोपलीच उचलायची’ हे तू म्हनालीस भागीला?” तिनं मान हलवली. हो. “कदी?” हातानं दाखवलं, एवढीशी होती तेव्हा. “‘तुज्याच्यानं नाय होनार’ हे पन तूच?” तर मानेनं नाय म्हनाली. मंग आपल्याच छातीवर हात ठेवला. मला कळलं नाय. तिनं परत छातीवर थापटलं, तोंडापुढं हात नेऊन धवला म्हटल्यासारखं केलं आन् परत छाती.

मी म्हटलं, “तू तुला म्हनतेस? धवल्याच्या आदी?”

मानेनंच हो म्हनाली. “परत्येक लग्नात?” हो. “तीस वर्सं?” आत्यानं बोटं मोजली, पस्तीस. डोळ्यांतून पानी आन् तोंडात हसू, आवाज नाय. भागी, आख्ख्या पंचक्रोशीत आवाजाला नाव असलेली बाय मांडवात उभी ऱ्हाते, तेव्हा तिला पन कोनीतरी आतून म्हनतंय की तुज्याच्यानं नाय होनार. आन् आपल्याला वाटलं, ती नुसती आपल्यालाच बोलते.

मंग मी तुज्या त्या अडीच ओळी परत वाचल्या. समजा, कोनी आपल्या सखूला मांडवात असं बोललं असतं, तर मी काय केलं असतं? खराटा घेतला असता. तुला कोनी तोंडावर बोललं असतं, तर खराटा घेऊन पुन्याला आले असते. मंग मलाच मी दिवसभर असं कसं बोलू देते? मला काय कोनी नाय?

आता मी काय करते ते ऐक, हसू नको. हसलीस तरी चालेल. सखू हळदीच्या भीतीनं रडत होती, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, “हळू हळू, बाय. एक पाय टाक, मंग दुसरा.” तेच मी मला म्हनते. आतला आवाज सुरू झाला की म्हनते, “गोजराबाय, हळू हळू. इसरली तर परत घे. लग्न काय पळून नाय जात.” पयले दोन दिवस लई लाज वाटली. खोटं वाटत होतं, दुसऱ्याची चोळी घातल्यासारखं. मिठागराच्या बांधावर मोठ्यानं म्हटलं तर यांनी फावडं खाली ठेवलं.

“कोनाशी बोलतेस?”

“माज्याशी.”

“बरी हायस ना?”

“आज बरी हाय.”

हे फावडं परत उचलत म्हनाले, “मंग माज्याशी पन तसंच बोल की कदीतरी.”

आवाज गेला नाय, बरं का. येतो. पन आता तो बोलला की मी पन बोलते. पयले एकटा तोच बोलायचा.

सखूचं लग्न सहा मार्चला हाय. हिरामण धोंडूबाईला सांगनार होता. सखूनं बापाला सांगितलं, गोजराच हवी, नायतर पाटावर बसनार नाय.

तू ट्रंक खोल. मी मांडवात उभी ऱ्हाते, तू वर्गात उभी ऱ्हा. इसरलो तर इसरलो.

गोजरा


पुणे,
ता. ४ मार्च १९५९

गोजरा,

हे पत्र लग्नाआधी मिळणार नाही, तरी लिहिते.

आई स्वतःलाही तेच म्हणायची, हे मी परत परत वाचलं. मग राग आला, आणि मग तिच्या जवळ जाऊन बसावंसं वाटलं.

ट्रंक खोलली. तुझा उपाय करून बघितला. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, “बस मेले, घाबरू नको, सांगितलं ना घाबरू नको!” धीर द्यायलाही आईचाच सूर. खोलीतल्या मुलीनं विचारलं, कोणाला ओरडतेस? दुसऱ्या दिवशी जरा मऊ जमलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला म्हटलं, “भागी, तुला वाफ समजावता येते. गावच्या शाळेत दोन वर्षं शिकवलंस. पंढरीच्या पोरीला भागाकार कोणालाच शिकवता येत नव्हता, तो तू शिकवलास.” हे खरंच आहे गं! खोटी स्तुती माझ्याच्यानं होत नाही, पण खरं ते सांगायला काय हरकत आहे?

बाईंकडे गेले. म्हटलं, जानेवारीत मला ताप नव्हता. मी घाबरले होते. मला तो पाठ परत द्या. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या, म्हणाल्या, “बाराला घ्या. तोच विषय.”

तोच विषय, गोजरा.

भागी


उलवे,
ता. ८ मार्च १९५९

भागीबाय, भागीबाय,

सखूचं लग्न लागलं! माजा घसा बसलाय, पाय सुजलेत, आन् मी इतकी खूश हाय की सकाळपासून तीनदा चहा केला.

सगळं सांगते. मांडवात उभी ऱ्हायले तेव्हा आतला आवाज हजर. पाहुन्यासारखा सगळ्यांच्या आदी येऊन बसलेला. ‘गोटीरामकडची आठवन हाय ना गं बाय?’ मी मनात म्हटलं, “हाय. आलीस तर बस बाजूला. धवला ऐक.” पयला झाला, दुसरा झाला. तिसरा मी सूर्याला बोलवायचा घेतला,

‘उगवतीच्या दिसा, तू रं मांडवात ये,
सखू आमची नवरी, तिला हळदीचा रंग दे.’

आन् पुढची ओळ गेली. परत गेली! तेलाची वाटी परत हलायला लागली. पोरी माज्या तोंडाकडं बघतायत. मी मला म्हटलं, “हळू, गोजरा. इसरली ना? मंग परत घे.” आन् म्हटलेल्याच दोन ओळी परत घेतल्या, अगदी सावकाश, सखूच्या हनुवटीला हात लावून. बायांना वाटलं, ह्या दोनदाच म्हनायच्या असतात. त्यांनी पन दोनदा म्हटल्या. तेवढ्यात पुढची ओळ आपल्या पायानं आली. त्याच्यानंतर परत्येक धवल्याची पयली ओळ बाया दोनदा म्हनू लागल्या, मला थांबवता येईना. हिरामण म्हनाला, “पुतळाबाईनं कदी दोनदा नाय म्हटली. बरी वाटली हो!”

वरात निघाली तेव्हा मी मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले. आत्या गर्दीतून आली. डॉक्टरानं सांगितलेले दोन महिने त्याच दिवशी सकाळी भरले होते, पन ती बोलली नवती. बाया टोचत होत्या, बोल की, बोल की. ती गप्प. माज्यासमोर तांब्या धरला आन् बोलली. आवाज कसा, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा.

“पानी पी, बाय. घसा सांभाळ.”

बस, एवढंच. दोन महिन्यांचा पयला शब्द, भागी. तिला शंभर शिव्या साठलेल्या असतील, त्यातून तिनं हा काडला. मी पानी प्यायले नाय, तिच्या गळ्यात पडले. तांब्या दोघींच्या अंगावर सांडला.

तुजा पाठ बाराला. मी त्या दिवशी मिठागरावर असेन. येळ ठाऊक नाय, म्हनून दिवसभर तुला धीर देईन.

गोजरा


पुणे,
ता. १३ मार्च १९५९

माझी गोजरा,

आधी निकाल सांगते, नाहीतर तू ओळी सोडून खाली बघशील. पास! तेरा मुलींत माझा पाठ तिसरा.

आता झालं ते ऐक. तुझं पत्र पाठाच्या सकाळीच हातात पडलं. आईचा तो पहिला शब्द वाचून मी हसत हसतच वर्गात गेले. चुलीवरून उकळती किटली आणली, वर थंड ताट धरलं आणि मुलांना म्हटलं, “बघा, पानी कुठं चाललंय!”

म्हटलं आणि मलाच ऐकू आलं. मागं खुसखुस. आतला आवाज आलाच, ‘झालं.’ मी म्हटलं, काही झालं नाही. पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठला, “बाई, तुम्ही पानी म्हणालात.” मी म्हटलं, “हो रे. माझ्या गावाला पानी म्हणतात. पुस्तकात पाणी आहे. परीक्षेत पुस्तकातलं लिहा.” खिडकीजवळची एक मुलगी हात वर करून म्हणाली, “बाई, माझ्या आजोळी पन पानीच म्हनतात.” मग आणखी दोघं उठली. एकाच्या घरी नीर म्हणतात, एकाच्या घरी जल. वर्गात नुसता कल्ला. ताटाच्या खालून थेंब पडायला लागले तसे सगळे बाक सोडून किटलीभोवती आले. बाईंनी माझ्या वहीत शेरा लिहिला, ‘उच्चारांकडे लक्ष द्यावे. मुले बोलती झाली, हे विशेष.’ पहिलं वाक्य मी एकदा वाचलं. दुसरं किती वेळा ते सांगत नाही.

आज मुलींनी परत पानीबाई म्हणून हाक मारली, तर मी “काय गं?” म्हणून वळले. त्याच गोंधळल्या.

शिमग्याला येते आहे. आईला सांगू नकोस, मी तिच्यावर रागावले होते. किंवा सांग. आता ती बोलू शकते, तर मलाही तिच्याशी बोलायचं आहे.

तुझी भागी


उलवे,
ता. १८ मार्च १९५९

भागीबाय,

पास झालीस ते आत्याला सांगितलं. ती तशीच उठली आन् आख्ख्या आळीत सांगून आली. आता म्हनते, कागद घे, मी सांगते ते लिही. म्हनून खालचं तिचं हाय. मी एक अक्षर बदललं नाय.

‘भागी, तुजी आई सांगते. सिमग्याला ये, पन परत जायची तारीक ठरवून ये. चुलीशी बसायला आलीस तर घरात घेनार नाय. हे रागानं नाय बोलले. गोजरा, लिही, रागानं नाय बोलले. मला गोड बोलायची सवय नाय. माज्या आईला पन नवती. डॉक्टरानं तोंड बांधलं, तेव्हा मला माजंच बोलनं आतून ऐकू आलं. दोन महिने लई ऐकलं. मला वाटायचं, धाकात ठेवलं की पोर पडनार नाय. पोर पडली नाय, पन घाबरत ऱ्हायली. तू लहान होतीस, तेव्हा पावकीचा पाडा बोलायचीस आन् मी दाराआडून ऐकायची. मला एक आकडा कळायचा नाय. पन हात जोडून ऐकायची. हे तुला तेव्हा सांगायला पायजे होतं. आता सांगते. आन् हडकलीस का ते बघीन. खाडीतल्या मावऱ्याचं कालवन करून ठेवते.’

हे सांगताना ती दोनदा उठून पाठ फिरवून उभी ऱ्हायली. मी थांबले.

आता माजी खबर. काल वाशीहून देवजी आला होता, माज्या माहेरचा. वैशाखात तिकडं मोठं लग्न हाय. तिकडच्या बाया म्हनतात, उलव्याची ती ओळ दोनदा म्हननारी धवलारीन पायजे. भागी, मी ज्या अंगनात बाहुलीची लग्नं लावली, तिथं मला धवलारीन म्हनून बोलावलंय! भरतीच्या पान्यात होडीनं जायचं. मी आत्याला म्हटलं, “तुजा घसा बरा झाला. तूच पुढं हो. मी आपली मागं.”

आत्या गळ्याचं फडकं सोडत होती. म्हनाली, “पस्तीस वर्सं पुढं उभी ऱ्हायले. एक लग्न मला पन मजेत बघू दे. तू पुढं हो, बाय. मी तुज्या मागं म्हनते.”

तवर तुजी सुट्टी असेल. होडीत तिघींची जागा सांगितलीय.

तुजी
गोजरा